पेट्रोल वाचवणारी चिप: ‘चालत नाही हे सिद्ध करा’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला काय उत्तर द्यायचं?

प्रश्न: मी वाईचा. स्वतःची सात आसनी पेट्रोल गाडी टुरिस्ट परमिटवर चालवतो, पाचगणी-महाबळेश्वरची भाडी करतो. मागच्या दिवाळीआधी साताऱ्यातल्या एका प्रदर्शनात स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायची चिप घेतली. स्टॉलवर बोर्ड होता, ‘२५ टक्के पेट्रोल वाचणार, नाही वाचलं तर पैसे परत’. एका चिपचे २,८०० रुपये. स्टँडवरच्या दोघा मित्रांसाठीही घेतल्या, तिन्हींचे पैसे माझ्या फोनवरून गेले. अ‍ॅव्हरेज होतं तेवढंच आहे. स्टॉलवाला सांगलीचा. आधी म्हणाला, चिपला तुमची गाडी शिकायला वेळ लागतो. मग म्हणाला, तुम्ही घाटात चालवता. आता म्हणतो, चालत नाही हे तुम्ही सिद्ध करा. पावतीमागे ‘विकलेला माल परत नाही, वाद दिल्ली न्यायालयात’ असं छापलंय. एका मित्राने त्याची चिप फोडून पाहिली, आत दिव्यांशिवाय फारसं काही नाही. त्यात शोरूमने जॉबकार्डवर ‘बाहेरचं साधन’ लिहून सेन्सरचं काम वॉरंटीत करायला नकार दिला. मित्र पैसे माझ्याकडे मागतात. काय करू?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

‘चालत नाही हे तुम्ही सिद्ध करा’ एवढं म्हटलं की बहुतेक गिऱ्हाईकं गप्प बसतात, हे विक्रेत्यांना ठाऊक असतं. तुम्ही गप्प बसू नका, कारण कायदा इथे उलट बाजूने उभा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा सांगितल्या आहेत. पुरेशी आणि योग्य चाचणी न करता मालाच्या कामगिरीची हमी लोकांना देणं ही त्यातली एक. विक्रेत्याने ‘आमची हमी चाचणी करूनच दिलेली आहे’ असा बचाव घेतला, तर ते शाबीत करण्याची जबाबदारी त्याचीच, असंही त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणून तक्रार ‘चिप बोगस आहे’ या वाक्याने सुरू करू नका. ‘२५ टक्क्यांची हमी दिली, ती कोणत्या गाडीवर, कुठल्या प्रयोगशाळेत, कधी तपासली याचा अहवाल द्यावा’ असं पहिल्या परिच्छेदात लिहा. जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस मिळाल्यावर सामनेवाल्याला, म्हणजे इथे विक्रेत्याला, म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात, आयोगाने वाढवून दिले तर आणखी १५. ४५ दिवसांपुढे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं आहे. तेवढ्यात त्याला अहवाल काढून दाखवू द्या.

असा अहवाल येण्याची शक्यता मला कमी वाटते, आणि ती का, हे तुम्हालाही कळायला हवं, कारण उलट प्रश्न तुम्हालाच विचारले जातील. हल्लीच्या पेट्रोल गाडीत सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर साधारण एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण सतत राखत असतो. पेट्रोल जवळजवळ पूर्ण जळतंच. न जळता बाहेर जाणारा भाग इतका थोडा असतो की तो सगळा वाचवला तरी २५ टक्क्यांच्या आसपाससुद्धा पोचता येत नाही. पेट्रोलच्या नळीवर लावायची लोहचुंबकं, हवेच्या पाइपात बसवायचे पंखे, पाण्यापासून हायड्रोजन करणारे किट यांचीही तीच गत. हायड्रोजन करायला लागणारी वीज अल्टरनेटरमधून येते, आणि अल्टरनेटर फिरवायला पेट्रोलच लागतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर साधनं तपासली. अ‍ॅव्हरेज लक्षणीय वाढवणारं त्यांत एकही सापडलं नाही, असं तिथला व्यापार आयोग लोकांना सांगत आला आहे. हा मजकूर तक्रारीला जोडा, पण तुमची चिप त्या शंभरांत नव्हती हे लक्षात ठेवून. तो पूरक पुरावा आहे, मुख्य नव्हे.

मित्राच्या फोडलेल्या चिपचे जवळून, उजेडात फोटो काढा. सॉकेटला १६ पिनांची जागा असते. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट येतो, ४ आणि ५ नंबरला अर्थिंग. हल्लीच्या गाड्यांत कॉम्प्युटरचं बोलणं ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून चालतं. या दोन पिनांपासून आतल्या बोर्डापर्यंत तार किंवा पट्टी गेलेलीच नसेल, तर ती चिप गाडीशी बोलूच शकत नाही. करंट घेते आणि दिवे लुकलुकवते. अशा चिपा फोडून पाहणाऱ्यांना इतर देशांतही हेच आढळलं आहे. उरलेल्या दोन मात्र अजिबात उघडू नका. एक खोक्यासकट, सील लावून ठेवा; दुसरी खाली सांगितलेल्या फेऱ्यांना लागेल. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दोष कळणार नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग नमुना सीलबंद करून तपासणीला पाठवू शकतो आणि अहवाल ४५ दिवसांत मागवतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. २,८०० रुपयांच्या वस्तूसाठी ती जड वाटू शकते, म्हणून हा अर्ज पहिल्या दिवशी करू नका. त्याने चाचणीचा काही कागद आणलाच तर करा.

सामनेवाला बहुधा दुसरा रस्ता धरेल. ‘अ‍ॅव्हरेज वाढलं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांची प्रतिज्ञापत्रं आणेल. ती माणसं खोटं बोलतात असं म्हणू नका, त्याची गरजही नाही. पैसे मोजून चिप लावली की माणूस आपोआप हलक्या पायाने चालवतो, टायरची हवा बघतो, आणि अ‍ॅव्हरेज थोडं वाढतं. तुमची बाजू भक्कम करायची तर पसरणी घाट सोडा, तिथे चढ, भरलेली गाडी आणि ट्रॅफिक यांनीच आकडे खालीवर होतात. वाईहून हायवेने कराडला जाऊन या. एकाच पंपावर टाकी फुल, टायरची हवा तीच, वेग तोच, एकदा चिप लावून आणि एकदा काढून, असं चार-पाच वेळा करा. पंपाच्या पावत्या आणि किलोमीटरच्या काट्याचे फोटो तारखेसह ठेवा. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण समोरच्याकडे काहीच नसेल तर तिचं वजन पडतं.

तुमच्या पिवळ्या पाटीवर तो नक्की बोट ठेवेल: ‘धंद्यासाठी घेतली, हे ग्राहकच नव्हेत.’ व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक ठरत नाही हे खरं, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापरलेला माल त्यात मोडत नाही, असं स्पष्टीकरण कलम २(७) लाच जोडलेलं आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः रिक्षा चालवून पोट भरणाऱ्याचंच उदाहरण दिलं होतं. ‘गाडी मी स्वतः चालवतो, माझ्या कुटुंबाचा चरितार्थ याच भाड्यावर आहे’ हे वाक्य तक्रारीत आणि प्रतिज्ञापत्रात, दोन्हीकडे घाला. ते नसलं तर चांगली तक्रारही दारातच अडते.

पावतीमागच्या छापील ओळींना बिचकू नका. पैसे परत देण्याचं वचन बोर्डावर होतं आणि ते वाचूनच तुम्ही घेतली; सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा कलम २(४७) प्रमाणे अनुचित प्रथाच. दिल्लीचं म्हणाल, तर कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथे तक्रार करता येते. तुमच्यासाठी ते सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. सांगलीलाही जायला नको.

बोर्डाचा फोटो तुमच्याकडे आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर त्या दिवशी प्रदर्शनात गेलेल्या ओळखीच्यांचे फोन तपासायला सांगा. स्टॉलसमोर उभं राहून काढलेल्या फोटोत मागे बोर्ड हमखास सापडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली जाहिरात, पैसे गेल्याचा मेसेज, त्याच्याशी झालेलं बोलणं, काहीही पुसू नका आणि फोन बदलू नका. अशा पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, पत्ता, किंमत आहे का बघा. असेल तर त्यालाही सामनेवाला करा. नसेल तर वेष्टित वस्तूंच्या नियमांचा तो वेगळा भंग आहे, त्याची तक्रार साताऱ्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात होते.

शोरूमचं. चिप आजच काढा, वरच्या फेऱ्यांपुरतीच लावा. १६ नंबरच्या पिनेवर गाडी बंद असतानाही करंट असतो, उभ्या गाडीची बॅटरी उगाच उतरते. मग सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा: चिपमुळे हा सेन्सर कसा बिघडला आणि वॉरंटी पुस्तिकेतल्या कुठल्या अटीखाली नकार दिला? बाहेरचं साधन सॉकेटमध्ये दिसलं, एवढ्यावर सगळी वॉरंटी संपली असं त्यांना सहजासहजी म्हणता येणार नाही. बिघाडाशी संबंध दाखवावा लागेल. उत्तर तोंडी घेऊ नका. संबंध आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर तोच कागद चिपवाल्याविरुद्ध नुकसानभरपाईसाठी लावता येईल. आरटीओची काळजी मात्र सोडा, या चिपने आरसीतला कुठलाच तपशील बदलत नाही. हायड्रोजनचं किट बसवलं असतंत तर उत्तर वेगळं असतं.

पोलिसांत जायचा विचार असेल तर थोडं थांबा. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो आणि ठाण्यावरून बहुधा ‘ग्राहक मंचात जा’ असंच सांगतील. त्यापेक्षा जाहिरातीबद्दल एक वेगळा अर्ज सातारच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. कलम १७ ती सोय देतं, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तुम्हाला त्यातून रुपया मिळणार नाही, पण पुढच्या प्रदर्शनात तो बोर्ड लागायचा थांबू शकतो. माझ्या मते हा अर्ज तुमच्या २,८०० रुपयांइतकाच महत्त्वाचा आहे.

मित्रांचं. तुम्ही नफा न घेता, त्यांच्या सांगण्यावरून चिपा आणल्या, तर तुम्ही विक्रेते ठरत नाही आणि पैसे परत करण्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. नफा घेतला असेल तर मला तसं स्पष्ट कळवा, मग सल्ला बदलेल. दोघांनी तुम्हाला किती पैसे कधी दिले ते साध्या कागदावर लिहून सह्या घ्या. वापरणारे म्हणून तेही ग्राहक आहेत. तिघांनी आपापल्या पैशांसाठी मिळून एकच तक्रार केली तरी चालते; आयोगाची परवानगी लागते ती इतर अनेक ग्राहकांच्या वतीनेही तक्रार करायची असेल तर. नाहीतर प्रत्येकाने आपापली करावी.

आता खर्च. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी असेल तर पाच, असं म्हटलं असलं तरी प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, काही विक्रेते तिथूनच पैसे पाठवतात. त्याच आठवड्यात सांगलीच्या पत्त्यावर आणि खोक्यावरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: १५ दिवसांत चाचणीचा अहवाल किंवा २,८०० रुपये. पोचपावती जपून ठेवा. सोळाव्या दिवशी तक्रार दाखल करा. कलम ६९ ची दोन वर्षांची मुदत तुम्ही खरेदीच्या तारखेपासूनच मोजा. तो ‘बघतो, करतो’ म्हणत राहिला म्हणून ती थांबत नाही.