ऑक्टाव्हिया आरएसचा अल्टरनेटर बदलू की दुरुस्त करून घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस २३० सेकंडहँड घेतली. बॅटरीचा लाल दिवा अधूनमधून लागतो, रात्री एसी आणि हेडलाइट चालू असताना सिग्नलला थांबलं की उजेड मंद होतो, एकदा स्टेअरिंगही जड झालं. नवी बॅटरी टाकूनही फरक नाही. शोरूम म्हणतं पूर्ण अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा, बॅटरी भरणारा भाग) बदला, बाहेरचा मिस्त्री म्हणतो खोलून करून देतो. कुणाचं ऐकू?

आत्ता कुणाचंच ऐकू नका. आधी मोजून घ्या. मी कोल्हापुरात उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो. सेल्फ (गाडी चालू करणारी मोटर) आणि अल्टरनेटर रोज हाताखालून जातात, आणि ‘अल्टरनेटर गेलाय’ म्हणून टेबलावर येणाऱ्यांतले बरेच पूर्ण गेलेले नसतातच. त्यातला एखादा भाग गेलेला असतो, नाहीतर दोष त्याच्या बाहेर, वायरीत असतो. शोरूम तुम्हाला फसवतंय असंही नाही. तिथे अल्टरनेटर खोलायची पद्धतच नाही, पूर्ण नग बदलणं हेच त्यांचं काम. पण कंपनीतून गाडीवर बसून आलेला मूळ अल्टरनेटर सहजासहजी हातचा घालवू नका, असं माझं ठाम मत आहे. त्याची बॉडी, रोटर (आत फिरणारा भाग), वायंडिंग ज्या दर्जाचं असतं, तो दर्जा बाजारातल्या स्वस्त नव्या मालात मिळत नाही.

मोजायला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.५ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्जर लावून पूर्ण भरून घ्या, कारण अर्धवट बॅटरीवर घेतलेलं कुठलंही रीडिंग फसवं असतं. मग गाडी चालू करा, हेडलाइट, एसी, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर असं सगळं लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरा. १३.८ ते १४.७ च्या दरम्यान आकडा टिकला तर अल्टरनेटर काम करतोय. १३ च्या खाली घसरत गेला तर चार्जिंग पुरत नाही. १५ च्या वर जाऊन तिथेच राहिला तर रेग्युलेटरचा, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या भागाचा, ताबा सुटलाय. अशी गाडी त्या दिवसापुरतीही चालवू नका, बॅटरी उकळते आणि मॉड्यूल जळतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण चांगले चांगले मिस्त्री इथेच चुकतात. या गाडीत किती व्होल्ट द्यायचे हे रेग्युलेटर स्वतः ठरवत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर एका बारीक वायरीवरून, लिन सिग्नलने, त्याला सांगतो. बॅटरी भरलेली असेल आणि लोड नसेल तर इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज मुद्दाम खाली ठेवू शकतो, आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की वाढवतो. लोड न लावता नुसता मीटर टेकवून ‘१२.९ दाखवतोय, गेला’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. स्कॅनर असेल तर कॉम्प्युटर किती मागतोय आणि प्रत्यक्ष किती मिळतंय हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघता येतात. दहा मिनिटांचं काम आहे.

आता वायरी. सगळा लोड चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर धरा. फरक ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असावा. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर. इथे तर ०.१ च्या आतबाहेरच हवा. मागच्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूने एक टर्बो पेट्रोल गाडी टो करून आमच्याकडे आली. बॅटरी बदलून झाली होती, अल्टरनेटरचं कोटेशन खिशात होतं. मायनसच्या बाजूला एक व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला. इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी वरून धडधाकट दिसत होती. बोल्ट काढून उलटी केली तर लग (पट्टीच्या टोकाचं धातूचं कडं) खालून हिरवा पडलेला आणि वेणीतल्या निम्म्या तारा हाताने तुटत होत्या. पट्टी बदलली, बैठक घासून स्वच्छ केली, गाडी पुन्हा १४.३ वर. अल्टरनेटर जागचा हललाही नाही. आपल्याकडच्या पावसात ही पट्टी बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

वायरी ठीक निघाल्या तर मीटर एसी व्होल्टवर (गाडीतला एसी नव्हे, उलटसुलट वाहणारी वीज) टाका आणि लोडवर बॅटरीच्या टर्मिनलवर धरा. ०.१ च्या खाली असेल तर डायोड, म्हणजे ती वीज सरळ करून बॅटरीला देणारे भाग, चांगले. ०.५ च्या वर गेला तर एखादा डायोड उडालाय असं समजा.

इतकं करूनही बोट अल्टरनेटरकडेच गेलं, तर खोलून बघण्यात नुकसान काही नाही. तुमची लक्षणं, म्हणजे दिवा लागतो-विझतो, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) उजेड मंद होतो, रेस केली की सुधारतो, मला कार्बन, म्हणजे फिरत्या रोटरला वीज पोचवणारे ब्रश, संपत आल्याची वाटतात. कार्बन झिजून पाचेक मिलिमीटरवर आला की स्प्रिंगचा दाब कमी होतो आणि धक्क्यागणिक संपर्क तुटतो. कार्बन बदलताना स्लिप रिंगवरून (रोटरवरच्या ज्या कड्यावर कार्बन घासतो त्यावरून) नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नुसता नवा कार्बन टाकून भागणार नाही. रिंग लेथवर हलकी साफ करावी लागते, खाच खोल असेल तर रिंगच बदलावी लागते. हे न करता दिलेली दुरुस्ती काही महिन्यांत परत येते, आणि मग लोक म्हणतात रिपेअरचा अल्टरनेटर टिकत नाही.

पुलीकडे खास लक्ष द्या. तुमच्या गाडीवर साधी पुली नसते, एकाच दिशेने पकडणारी फ्रीव्हील पुली असते. अल्टरनेटर इंजिनच्या सुमारे तिप्पट वेगाने फिरतो. तुम्ही ६,००० आरपीएमपर्यंत खेचता तेव्हा रोटर १८,००० च्या घरात असतो. डीएसजी, म्हणजे तुमचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढचा गिअर टाकतो आणि इंजिनचा वेग क्षणात खाली येतो, पण रोटरचा वेग इतक्या पटकन उतरत नाही. ही पुली तेव्हा त्याला मोकळं सोडते, म्हणून बेल्टला झटका बसत नाही. ती जाम झाली की बेल्ट फडफडतो, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थरथरतो, बेअरिंग लवकर जातं. ती दोन्हीकडे मोकळी फिरू लागली तर चार्जिंगच बंद. तपासणं सोपं आहे: रोटर धरून ठेवा आणि पुली हाताने फिरवा. एका बाजूला मोकळी फिरली पाहिजे, दुसऱ्या बाजूला लगेच पकडली पाहिजे. काढायला वेगळा स्प्लाइनचा पाना लागतो. तो नाही म्हणून छिन्नी-हातोडी घेणारा दिसला तर अल्टरनेटर उचलून घरी आणा. आणि ‘साधी पुली टाकतो, टेन्शन नाही’ हे या इंजिनला अजिबात चालणार नाही.

दुरुस्ती करून घ्यायची ठरली तर रेग्युलेटर त्याच पार्ट नंबरचा हवा. सारखा दिसणारा आणि सारख्या प्लगचा रेग्युलेटर बसतो, पण कॉम्प्युटरशी बोलत नाही. बेअरिंग जास्त वेगाचं आणि उष्णता सोसणारं, दोन्ही बाजूंचं नवं. उद्यमनगरात लेथ, बेअरिंग, हातात कसब असलेली माणसं सगळं आहे, पण लिन सिग्नल देणारा टेस्टर प्रत्येक दुकानात नसतो. काम देण्याआधी तेवढं स्पष्ट विचारा. तो सिग्नल न देता बेंचवर लावला तर चांगला अल्टरनेटरही एका ठरावीक व्होल्टेजवर अडकू शकतो, किंवा सुरूच होणार नाही. दुरुस्तीनंतर तो लोडवर गरम होईपर्यंत चालवून दाखवा म्हणा. थंड असताना सगळेच चांगले चालतात.

स्टेटर (रोटरभोवतीचं न फिरणारं वायंडिंग) जळून काळा पडला असेल, किंवा बॉडीतली बेअरिंगची बैठकच खाल्ली गेली असेल, तर मात्र नवाच घ्या. आजच्या अल्टरनेटरचं घट्ट भरलेलं वायंडिंग हाताने पुन्हा भरून मूळ ताकद मिळत नाही. नवा घेताना बॉश किंवा व्हॅलिओ, जुन्यावर जे नाव आणि जो नंबर असेल तोच, शेवटच्या अक्षरासकट जुळवून. अँपिअर जुन्यापेक्षा कमी नको. मागे मोठा अँप्लिफायर आणि सबवूफर बसवलेला असेल तर तेही सांगा, कारण अल्टरनेटर मरण्याचं मूळ कधीकधी डिकीत असतं.

गाडी सेकंडहँड आहे म्हणून आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेसुद्धा पाण्याखाली गेला होता, तेव्हा आपल्या भागात किती गाड्या बुडाल्या असतील याचा विचार करा. पुराच्या पाण्यातून निघालेला अल्टरनेटर लगेच मरत नाही. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं, प्लगच्या पिना आतून गंजतात आणि दुखणं नंतर बाहेर येतं. अल्टरनेटर उतरवल्यावर कोपऱ्यांत वाळलेला बारीक गाळ दिसला, तर नुसता अल्टरनेटर करून थांबू नका, पुढचं सगळं वायरिंग आणि फ्यूज बॉक्स तपासून घ्या.

आणि हात जोडून एक सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी चालू राहते का बघू’ ही चाचणी कुणालाही करू देऊ नका, माणूस कितीही जुना आणि अनुभवी असला तरी. ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात ती खपून गेली. आज त्या क्षणी वायरिंगमध्ये जास्त व्होल्टेजचा झटका जाऊ शकतो, आणि त्यात इंजिनचा किंवा गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गेला तर अल्टरनेटरचा खर्च किरकोळ वाटेल. अल्टरनेटर काढताना आधी बॅटरीचा मायनस सोडवायचा, बेल्टचा मार्ग मोबाइलवर टिपून ठेवायचा, बसवताना मागचा जाड नट ठरवून दिलेल्या टॉर्कप्रमाणे, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळायचा. तो सैल राहिला तर लग तापून वितळतो.

निदान होईपर्यंत रात्रीचा घाट टाळा. दिवसा वाटेत लाल दिवा लागून राहिला तर एसी आणि म्युझिक बंद करा, इंजिन मात्र बंद करू नका, आणि सरळ जवळचं गॅरेज गाठा. नुसत्या बॅटरीवर ही गाडी फार तर तासभर चालेल, आणि स्टेअरिंग विजेवर चालतं हे तुम्ही एकदा अनुभवलंच आहे.