मॉडेल रेल्वेच्या डब्यावरची छापील अक्षरं काढायची असतील तर

नुसतं नाव आणि नंबर बदलायचा असेल तर अख्ख्या डब्याचा रंग उतरवू नका. बहुतेक डब्यांवर अक्षरं रंग वाळल्यावर वरून छापलेली असतात, त्यामुळे खालचा रंग शाबूत ठेवून ती काढता येतात.

कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा. निथळती नको, ओलसर हवी. आधी डब्याच्या खालच्या बाजूच्या रंगावर फिरवून बघा, मगच अक्षराकडे वळा. काडी अक्षरावर थोडा वेळ टेकवून ठेवा आणि हलक्या हाताने फिरवा. सगळं लक्ष काडीच्या टोकाकडे असू द्या! पांढरं अक्षर असेल आणि टोक पांढरं होत असेल तर काम बरोबर चाललंय. डब्याचा रंग दिसायला लागला की तिथेच थांबा. काडी वरचेवर बदला, नाहीतर सुटलेली शाई रिव्हेटच्या (डब्यावरच्या बारीक उठावदार ठिपक्यांच्या) कडेला जाऊन बसते. रिव्हेटवर मात्र कापूस नको, टूथपिकचं टोक वापरा.

हट्टी छपाईवर डेकल (मॉडेलवर चिकटवायची पातळ छापील अक्षरं-चित्रं) मऊ करणारं द्रावण काही मिनिटं ठेवून बघा. अ‍ॅसिटोनला हात लावू नका, डब्याचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळतं. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले आणि जवळपास ज्योत नाही, एवढं पाळाच.

घासलेली जागा थोडी चकाकेल, घाबरू नका. नवी डेकल लावण्याआधी ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) द्या. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि कडा चंदेरी दिसतात. डेकल पूर्ण वाळली की वरून मॅट वॉर्निश, म्हणजे ती चकाकीही झाकली जाईल.