दहा मीटर एअर रायफलसाठी कुठल्या आकाराचा स्टॉक घ्यावा?

तुमची मुलगी चौदा वर्षांची, नुकतीच दहा मीटर एअर रायफल शिकू लागली आहे, आणि तिच्यासाठी शिकारी धाटणीचा लाकडी थंबहोल स्टॉक (स्टॉक म्हणजे रायफलचा धरायचा आणि खांद्याला टेकवायचा सांगाडा, थंबहोल म्हणजे अंगठ्यासाठी भोक असलेला) घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅडजस्टेबल, असं तुम्ही विचारलंय. मुंबईत बरीच वर्षं नेमबाजी करतोय, त्यामुळे स्पष्टच सांगतो : अ‍ॅल्युमिनियमचाच घ्या.

शिकारी स्टॉक हा रायफल झटकन खांद्याला लावून एखाद-दुसरी गोळी झाडता यावी म्हणून तसा घडवलेला असतो. तुमच्या मुलीला स्पर्धेत सव्वा तासात ६० शॉट मारायचे आहेत, तेही उभं राहून, आणि दहा गुणांचा ठिपका आहे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे सुबक आकार कामाला येत नाही.

सगळ्यात आधी चीकपीस, म्हणजे स्टॉकवरचा गाल टेकवायचा भाग, बघा. तिला डोळे मिटून रायफल खांद्याला लावू द्या, मान ताठ ठेवून गाल टेकवू द्या, मग डोळे उघडू द्या. पुढच्या साइटचं वर्तुळ मागच्या डायॉप्टरच्या (डोळ्याजवळच्या साइटच्या) भोकात मधोमध दिसलं तर उंची बरोबर. खाली सरकलेलं दिसलं तर डोळा खाली राहतोय, चीकपीस वर घ्या. मुलं इथे मान वाकवून जुळवून घेतात. सुरुवातीला चालून जातं, पण विसाव्या-पंचविसाव्या शॉटपासून मान भरून येते आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, पसरायला लागतो.

बटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी मात्र शूटिंग जॅकेट घालूनच ठरवा. जॅकेट इतकं जाड असतं की टी-शर्टवर केलेलं माप हमखास लांब पडतं. शिवाय या वयात हात भराभर वाढतात, म्हणून तर फिक्स्ड स्टॉक नको म्हणतोय.

ती उजव्या हाताने मारत असेल तर डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकायला हवं. ते टेकवल्यावर रायफल डोळ्यापेक्षा खाली राहत असेल, तर फोरएण्डखाली (स्टॉकच्या पुढच्या, हातावर टेकणाऱ्या भागाखाली) रायझर ब्लॉक, म्हणजे उंची वाढवणारा ठोकळा, लावतात. कोपर अधांतरी राहिलं की सगळं वजन दंडावर येतं. नियमानुसार रायफल ५.५ किलोपर्यंत चालते, पण तिला आत्ता हलकीच द्या, वजनं नंतर लावता येतात.

आपल्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा ओढतं आणि अ‍ॅक्शनचे (रायफलची यंत्रणा स्टॉकला जोडणारे) स्क्रू पुन्हा तपासत बसावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमला तो त्रास नाही, पण घामाने स्टीलचे स्क्रू गंजतात, म्हणून प्रॅक्टिस झाली की कोरड्या फडक्याने पुसायची सवय लावा.

आणि एक कळकळीची विनंती, लगेच पैसे घालू नका. वरळीच्या रेंजवर किंवा घराजवळच्या क्लबमध्ये तिथलीच अ‍ॅडजस्टेबल रायफल काही महिने वापरू द्या. कोचकडून सेटिंग करून घ्या, चीकपीसची उंची आणि बटची लांबी वहीत लिहून ठेवा, आणि विकत घ्यायला जाताना वही आणि तिचं जॅकेट दोन्ही बरोबर न्या.