मेन रोडवरचा गाळा ठेवावा की विकावा?

प्रश्न असा होता: शहरांच्या मधोमध असलेल्या जुन्या बाजारपेठा ओस पडत चालल्यात. अमेरिकेत डाउनटाउनची दुकानं गेली, आता आपल्याकडेही ऑनलाइनमुळे तेच होणार का? वडिलांचा मेन रोडवर एक गाळा आहे, मी पुण्यात नोकरी करतो. गाळा ठेवावा की विकावा?

उत्तर:

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कापडाचं दुकान आहे. आजोबांनी टाकलं, वडिलांनी वाढवलं, आणि माझ्या हाती आलं तेव्हा त्याला उतरण लागली होती. तुमचं शहर मोठं असेल, आमची मेन लाईन म्हणजे दोन चौकांमधला अर्ध्या किलोमीटरचा रस्ता. पण बाजार कसा बसतो ते मी गादीवर बसून वीस वर्षं पाहिलंय, तेवढ्या आधारावर सांगतो.

आधी ऑनलाइनचं बोलू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. गेल्या दिवाळीत एक बाई पोरीला घेऊन आली. पंधरा-वीस साड्या उलगडल्या, पदर पाहिले, एक पसंत केली. पोरीनं मोबाईलवर फोटो काढला आणि दोघी बाजूला जाऊन काहीतरी पाहत बसल्या. मग बाई म्हणाली, "भाऊ, हेच साडी मोबाईलमधी पाचशे साठले हाय. तुमी आठशे काहून सांगता?" मी म्हटलं, वहिनी, कापड हातात घेऊन पाहा, मग बोला. त्या हसल्या, "पाह्यतो" म्हणाल्या आणि गेल्या. आमच्याकडे "पाह्यतो"चा अर्थ काय होतो ते प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. आठ दिवसांनी त्याच मायलेकी साडी फॉल-पिकोला घेऊन माझ्याच दुकानात आल्या. रंग तोच होता, कापड मात्र इतकं विरळ की पिकोच्या मशीनखाली सरकत होतं. मी काही बोललो नाही. पिकोचे पैसे घेतले.

तर हो, ऑनलाइनचा फटका आहेच. रेडिमेड कपडे, लहान पोरांचे ड्रेस, पॅन्ट-शर्टाचे पीस हे जवळजवळ हातचं गेलं. पण मी वडिलांच्या खतावण्या काढून पाहिल्या, आणि आमची विक्री उतरायला लागली ती त्याच्या बऱ्याच आधी. अ‍ॅमेझॉन भारतात विकायला लागली २०१३ मध्ये, फोनवरचा नेट स्वस्त झाला २०१६ च्या शेवटी. आमचे वाईट दिवस सुरू झाले २००५-०६ च्या आसपास, जेव्हा इथे कोणाच्या हातात स्मार्टफोन नव्हता.

मग तेव्हा काय झालं? ते सांगायला कापसापासून सुरुवात करावी लागते.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा. डिसेंबर-जानेवारीत केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची, माणसं दोन-दोन रात्री बंडीखाली झोपायची. ग्रेडरनं प्रत लावली, माप झालं, की काही दिवसांनी चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे. चुकारा निघाला की माणूस बायकोला घेऊन तालुक्याला यायचा. बँकेच्या रांगेत उभं राहायचं, पैसे कमरेला लावायचे, मग बाजार. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या दुकानात चार नोकर कमी पडायचे. आजी वरच्या मजल्यावरून चहाची किटली दोरीनं खाली सोडायची, कारण जिन्यावरसुद्धा गिऱ्हाईक बसलेलं असायचं.

यातली गोम मला फार उशिरा कळली. त्यातली निम्मी माणसं आमच्याकडे कापड घ्यायला यायचीच नाहीत. ती यायची चुकाऱ्याला, कोर्टाच्या तारखेला, तहसीलात सातबाऱ्याला, दवाखान्यात, पोरीसाठी स्थळ पाहायला. कापड जाता जाता व्हायचं. आम्हाला वाटायचं गिऱ्हाईक आपल्या नावावर येतं. ते येत होतं गावातल्या कामांना, आणि आम्ही त्याच्या वाटेवर बसलो होतो.

ती कामं एकेक करून उठली. एकाधिकार योजना गुंडाळली गेली. व्यापाऱ्यांची खेडा खरेदी वाढली, म्हणजे व्यापारी गाडी आणि काटा घेऊन थेट खेड्यात जातो, कापूस अंगणातून उचलतो, रोख देतो. काट्यात मारतो तो भाग वेगळा. शेतकऱ्याला आता कापूस घरी आला तरी तालुक्याचं तोंड पाहावं लागत नाही. बसस्टँड बाजाराला लागून होतं, ते बाहेर नेलं. तहसीलची नवी इमारत बायपासला झाली. सातबारा मोबाईलवर मिळतो, अनुदान खात्यात जमा होतं. टॉकीज बंद पडली, तिथे मंगल कार्यालय झालं. शकुंतला रेल्वे यवतमाळ ते मूर्तिजापूर रडतखडत का होईना चालायची, तीही बंद झाली. प्रत्येक बदल एकेकटा पाहिला तर चांगलाच होता. तहसीलात हेलपाटे कमी झाले म्हणून मी तक्रार कशी करू? पण दर बदलागणिक माझ्या उंबरठ्यासमोरून जाणारे पाय कमी झाले.

तुम्ही अमेरिकेचा उल्लेख केलात म्हणून थोडं तिकडचं. तिथेही हाच क्रम दिसतो. डेट्रॉइट शहराच्या मधोमध हडसन्स नावाचं अवाढव्य दुकान होतं, देशातल्या सगळ्यात मोठ्या दुकानांत गणलं जाणारं. ते बंद झालं १९८३ मध्ये आणि १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडलं. अ‍ॅमेझॉनची स्थापनाच १९९४ ची. म्हणजे घाव आधीचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक मोटारी घेऊन शहराबाहेरच्या वसाहतींत राहायला गेले आणि महामार्गांनी ते सोपं केलं. मिनियापोलिसजवळ एडिना इथे १९५६ मध्ये साउथडेल हा छताखालचा, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाहून पळून आलेला माणूस. त्याच्या मनात व्हिएन्नासारखा चौक होता, भोवती घरं, दवाखाने, शाळा, आणि मध्ये लोकांनी पायी हिंडायचं. बिल्डरांनी त्यातली दुकानं आणि पार्किंग तेवढी उचलली, बाकी सोडून दिलं. म्हातारपणी ग्रुएन या मॉलांना आपलं म्हणायला तयार नव्हता. आणि आता तिकडे ते मॉलही ओस पडताहेत.

कलामाझू नावाच्या गावानं तर १९५९ मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद करून फक्त चालणाऱ्यांसाठी केला. खूप नाव झालं, इतर गावांनी नक्कल केली. १९९८ मध्ये त्याच रस्त्याच्या काही भागावर त्यांनी गाड्या परत सोडल्या. हे सांगायचं कारण असं की आमच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत दर दोन वर्षांनी कोणीतरी उठून म्हणतं, मेन लाईनवर गाड्या बंद करा, फरशी बसवा, दिवे लावा, गर्दी परत येईल. पाय येण्याचं कारणच उरलं नसेल तर फरशीवर कुत्री बसतील. जिथे कारण शाबूत आहे तिथे गोष्ट वेगळी. नागपूरला सीताबर्डीत संध्याकाळी जाऊन पाहा, पाय ठेवायला जागा नसते. दोन मेट्रो लाईनी तिथे भेटतात, कॉलेजं, क्लासेस, ऑफिसं आसपास, रेल्वे स्टेशन जवळ. ऑनलाइन तिथल्या पोरांच्या हातातही आहेच की.

एक पाप मात्र आम्हा दुकानदारांचं स्वतःचं आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. पूर्वी वर घर आणि खाली दुकान. आजोबा रात्री जेवून परत ओट्यावर येऊन बसायचे. रात्री दहाला दार वाजलं तर समजायचं, कोणाकडे मयत झाली, पांढरं कापड पाहिजे. आजोबा कंदील घेऊन खाली यायचे आणि त्या वेळी भाव सांगायचे नाहीत. १९९८ मध्ये वडिलांनी लेआउटमध्ये, म्हणजे नव्या प्लॉटांच्या वस्तीत, बंगला बांधला, आमच्या मागोमाग सगळी लाईन तिकडे गेली. वरचे मजले रिकामे झाले, पोरं पुण्याला, बंगलोरला. आता आठ वाजता शटर पडलं की रस्त्यावर फक्त पानठेल्याचा बल्ब. जिथे मालकच राहत नाही तिथे गिऱ्हाईकानं संध्याकाळी का फिरकावं? (मीही लेआउटमध्येच राहतो. बायकोला मेन लाईनवर राहायला ये म्हणून पाहिलं. पुढचं विचारू नका.)

उधारीचंही सांगायला हवं, कारण जुन्या बाजाराचं कौतुक करणारे ती गोष्ट गोड करून सांगतात. खतावणीत घराण्याचं पान असायचं. पोराचं लग्न निघालं की बाप यायचा, बस्ता फाडायचा, पैसे कापूस निघाल्यावर. हे मोठं होतं, बँक त्याला दारात उभी करत नव्हती तेव्हा आम्ही करत होतो. पण ज्याचं पान आमच्याकडे, तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नव्हता, आणि भावावरून घासाघीसही करू शकत नव्हता. आज तीच माणसं फोनवर चार ठिकाणचा भाव पाहून येतात याचा मला राग येतो, आणि घरी गेल्यावर वाटतं, यांचं बरोबरच आहे. त्या खतावण्यांतली काही पानं वडिलांनी स्वतःच्या हातानं फाडली. का, ते आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता काय चालतं? लग्नाचा बस्ता अजून दुकानातच होतो. पंधरा-वीस जण गाडी करून येतात, आत्याला कोणती, मावशीला कोणती, व्याह्याला टोपी-शेला, यावर तीन तास वाद घालतात. तो वाद फोनवर घालता येत नाही. आहेराच्या साड्या, शाळेचे गणवेश, फॉल-पिको, ब्लाऊज शिवून देणं. मयतीचं कापड, त्यासाठी आजही रात्री माझा फोन वाजतो. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या तोंडावर, लाडक्या बहिणींच्या खात्यात दोन महिन्यांचे ३००० एकदम पडले, तेव्हा दुकानात पाच-सहा वर्षांत नव्हती अशी गर्दी झाली. बायका स्वतः येत होत्या, नवऱ्याला न विचारता पसंत करत होत्या. राजकारण तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढं दिसलं की खेड्यातल्या बाईच्या हातात पैसा आणि तालुक्याला यायचं निमित्त, दोन्ही एकदम आलं की मेन लाईन त्याच दिवशी हलते.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी दुकानाचा पुढचा तिसरा हिस्सा दोन शिंपी आणि पिकोवालीला दिला. त्यांच्याकडून भाडं नाममात्र घेतो. ऑनलाइनची साडी घेऊन येणारी बाईही मग पायरी चढतेच, आणि परकर, अस्तर, मॅचिंग ब्लाऊजपीस माझ्याकडून नेते. वरचा मजला एका वकिलाला आणि एका दंतवैद्याला दिला. दाताची वाट पाहणारे लोक खाली येऊन बसतात. वडील म्हणतात, कापडाच्या दुकानाची धर्मशाळा केली यानं. पण मागच्या हंगामात आम्ही तोट्यात नव्हतो, हे त्यांनाही वहीत दिसतं.

तर तुमचा गाळा. दहा-पंधरा वर्षांनी त्या रस्त्यावर नुसता माल विकणारी दुकानं निम्मीही उरणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. उरतील ती दुरुस्ती करणारी, शिवणारी, तपासणारी, खाऊ घालणारी, आणि सोनं-बस्त्यासारखं चारचौघांत बसून घेण्याचं विकणारी. मोबाईल कव्हरवाल्याला किंवा फायनान्सवाल्याला गाळा दिलात तर आज भाडं जास्त मिळेल, पण ते दोन वर्षांत उठून जातात आणि जाताना भिंतीला भोकं ठेवतात.

विकायचं ठरवण्याआधी एक करा. सुट्टी टाकून या, बाजाराचा दिवस सोडून एखादा साधा मंगळवार धरा, आणि गाळ्यासमोर खुर्ची टाकून सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात बसा. जाणाऱ्या प्रत्येक दहाव्या माणसाला विचारा, कशाला आला होता. खरेदीला आलेले मोजू नका. दवाखाना, बँक, कोर्ट, क्लास, देऊळ, गाडी बदलायला, असे मोजा. ते शंभरात साठ-सत्तर निघाले आणि त्यांचं काम येत्या काही वर्षांत बायपासला हलणार नसेल, तर ठेवा. नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात बसस्टँड आणि सरकारी इमारती कुठे दाखवल्यात ते त्याच खेपेत पाहून घ्या. आमच्या वडिलांनी ते पाहिलं नव्हतं.