शत्रूच्या हद्दीत बिनबंदुकीची स्पिटफायर विमाने का पाठवली जात?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या छायाचित्र-टेहळणी तुकडीची विमाने बंदुका काढून जर्मनीवर का पाठवली जात, असे आपण विचारले आहे. टेहळणी वैमानिकाने लढायचे नसून फिल्म घेऊन परत यायचे असते, आणि बंदुकांचे वजन नेमके त्याच कामाच्या आड येत होते, हे त्याचे मुख्य कारण.

युद्धाच्या आरंभी हे काम ब्लेनहाइमसारखी सशस्त्र पण संथ विमाने करीत आणि त्यांतली बरीच परत येत नसत. मॉरिस लाँगबॉटम या अधिकाऱ्याने ऑगस्ट १९३९ मध्येच एका टिपणात सुचवले होते की, लहान आणि वेगवान विमानातील शस्त्रे उतरवून त्या जागी कॅमेरे व जादा इंधन भरावे आणि त्याने एकट्याने, खूप उंचावरून जावे. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने हेस्टन येथे ही कल्पना प्रत्यक्षात आणली. हवाई दलाकडून मिळवलेल्या दोन स्पिटफायरच्या बंदुका काढून पंखांत कॅमेरे बसवले गेले, बारीक फटी बुजवून पृष्ठभाग घोटून गुळगुळीत केला गेला आणि आकाशात मिसळेल असा फिकट हिरवा रंग दिला गेला. कॉटन शिस्तीत बसणारा गृहस्थ नव्हता. जून १९४० मध्ये त्याला दूर करण्यात आले, पण त्याची पद्धत टिकली.

वैमानिकाचा खरा वैरी मला वाटते विमानामागे उमटणारी वाफेची पांढरी रेघ हा होता, कारण ती खालच्या प्रत्येकाला त्याचा पत्ता सांगत असे. म्हणून ती ज्या उंचीवर उमटू लागे, तिच्या जरा खालून उडण्याची पद्धत पडली. काढलेली छायाचित्रे एकमेकांवर अंशतः येतील अशी घेतली जात आणि इंग्लंडमधील मेडमनम येथील छायाचित्र-विश्लेषक, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, दोन छायाचित्रे एकत्र पाहून खोली दाखवणाऱ्या त्रिमितीदर्शकातून त्यांच्या जोड्या पाहून इमारतींची उंचीसुद्धा काढत.

२१ मे १९४१ रोजी मायकेल सकलिंग या टेहळणी वैमानिकाने नॉर्वेतील बर्गनजवळच्या खाडीत ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचे छायाचित्र टिपले आणि तिच्या पाठलागाला दिशा मिळाली. ते लंडनला पोचवायला तो स्वतःच निघाला. वाटेत इंधन संपत आल्याने त्याला नॉटिंगहॅमजवळ उतरावे लागले आणि उरलेला रस्ता त्याने मित्राच्या मोटारीतून कापला. पुढे जुलैमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर टेहळणीस गेलेला हाच सकलिंग परत आला नाही.