रोज वीस फ्रेझल व्हर्ब पाठ करतो, तरी बोलताना एकही तोंडात येत नाही. काय चुकतंय?

तीन महिने तुम्ही रोज वीस फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'आउट' असं शेपूट जोडून होणारे शब्द, अर्थासकट पाठ करताय आणि विचारताय की व्याकरण, शब्दसंग्रह, वाक्प्रचार, फ्रेझल व्हर्ब यांचा सराव कोणत्या क्रमाने करावा. क्रमाचं पुढे बघू. आधी ती यादी बंद करा. अशाच एका यादीपायी माझी तीन रात्रींची मेहनत मातीत गेली आहे, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. परदेशातल्या एका ग्राहकासाठी अहवाल तयार करायचा होता आणि त्यातला एकेक आकडा मी रात्री जागून तपासला होता. पाठवताना मेलमध्ये अभिमानाने लिहिलं, 'आय हॅव ओव्हरलुक्ड ऑल द फिगर्स मायसेल्फ.' मला म्हणायचं होतं, सगळे आकडे मी स्वतः नजरेखालून घातले आहेत. त्याला हवं होतं 'लुक ओव्हर'. 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणं, काणाडोळा करणं. म्हणजे मी काय कळवलं, तर या सगळ्या आकड्यांकडे मी जातीने दुर्लक्ष केलं आहे! समोरून एका ओळीचं उत्तर आलं: मग हे तपासणार कोण? साहेबांनी माझं वाक्य सगळ्या टीमसमोर वाचून दाखवलं आणि पुढचा अहवाल दुसऱ्याकडे गेला. आकडे सगळे बरोबर होते. त्याबद्दल कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता मुद्दा असा की हे दोन्ही शब्द मला पाठ होते. दादाने मला एक वही करून दिली होती, ए पासून झेडपर्यंत, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. 'लुक'च्या पानावर लुक आफ्टर, लुक इन्टू, लुक ओव्हर एकाखाली एक, आणि तळाला चौकटीत ओव्हरलुक. त्या संध्याकाळी दादाला फोन केला तर म्हणाला, "पाठांतर कच्चं राहिलं तुझं. पहिल्यापासून कर परत." तेव्हापासून आमचा हा वाद चालू आहे आणि माझं म्हणणं आजही तेच आहे: पाठांतर पक्कं होतं म्हणूनच घोटाळा झाला. सारख्या चेहऱ्याचे शब्द एकाच पानावर, एकाच दिवशी डोक्यात गेले, तर बाहेर येताना ते एकमेकांचा हात धरूनच येतात.

मराठीत बघा ना. 'नजरेखालून घालणं' आणि 'नजरेआड करणं' यांत मी जन्मात कधी गोंधळले नाही. अंगावर येणं, अंगाशी येणं, अंगात येणं, अंगी लागणं, यांची यादी तुम्ही कधी पाठ केलीत? 'करून टाक', 'करून ठेव', 'करून बघ' यांतला फरक कुठल्या वहीत लिहिला होता? प्रत्येक शब्द आपल्याला वेगळ्या प्रसंगात, वेगळ्या माणसाच्या तोंडून मिळाला. इंग्रजीतही क्रियापद तेच राहतं आणि शेपूट बदललं की अर्थ पालटतो. 'पुट ऑफ' म्हणजे काम पुढे ढकलणं, 'पुट आउट' म्हणजे आग विझवणं, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं. 'पुट'च्या पानावर हे शिकण्यात काहीच अर्थ नाही. 'पुट ऑफ' शिकायचं ते 'कॉल ऑफ'च्या जोडीने. बैठक पुढे ढकलली की रद्दच केली, हा फरक कामात रोज लागतो.

शिवाय यादी तुम्हाला कर्म कुठे ठेवायचं ते सांगत नाही. 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालतं. पण सर्वनाम आलं की 'टर्न इट ऑफ' एवढंच बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर हर' तोडताच येत नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी कोशात कर्माच्या जागी लिहिलेला 'समथिंग' हा शब्द नेमका कुठे छापलाय ते बघा, जागा तिथेच कळते.

दादाचा लाडका आधार म्हणजे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस. १८८५ साली त्याने स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले आणि पाठ केलेलं किती भराभर विसरतं ते दाखवलं. म्हणून उजळणी, उजळणी, उजळणी. पण दादा, त्याने पाठ केले होते निरर्थक अक्षरसमूह, आणि तेही मुद्दाम, अर्थाची मदत होऊ नये म्हणून! ज्याला अर्थ आहे, प्रसंग आहे, त्याची ती मदत आपण आपल्या हाताने का काढून घ्यायची? आणि नुसती वाचून उजळणी तर फसवीच. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्याने घेतली तर न बघता आठवून काढणारे. रात्री वीसच्या वीस येतात आणि बोलताना एकही येत नाही, हे तुमचं दुखणं बहुधा यातलंच आहे.

मी वही बदलली ती अशी. पानाला अक्षर नाही, प्रसंग. फोनचं एक पान: गेट थ्रू, पुट थ्रू, हँग अप, कॉल बॅक, कट ऑफ. प्रत्येकापुढे माझ्याच दिवसातलं एक खरं वाक्य. इंग्रजी झाकायचं, प्रसंग मराठीत वाचायचा आणि वाक्य मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. दिवसाला तीन, फार तर चार. तेवढे पुरतात.

व्याकरणाचं म्हणाल तर सगळं पुस्तक सोडवत बसू नका. मराठी आपल्याला जिथे हमखास पाडते तेवढंच घोटा. आपला एक 'पासून' इंग्रजीत 'सिन्स' आणि 'फॉर' असा दोन ठिकाणी जातो, म्हणून 'सिन्स टू इयर्स' होतं. 'मला कळतंय'चं 'आय अॅम अंडरस्टँडिंग' होतं. 'अ' आणि 'द' तर आपल्याकडे नाहीतच. वाक्प्रचार ओळखता आले की झालं, वापरायची घाई नको. पावसासाठी कुत्री-मांजरं आणणारा तो वाक्प्रचार प्रत्येक यादीत असतो, बोलण्यात मात्र क्वचित ऐकू येतो.

पंधरा दिवसांवर परीक्षा असेल आणि तीत अर्थच विचारणार असतील, तर मात्र यादीच करा, माझं ऐकू नका. अनियमित क्रियापदांनाही पाठांतराला पर्याय नाही. 'गो, वेंट, गॉन' दादाने माझ्याकडून घोकून घेतलं आणि त्यात माझी कधी चूक झाली नाही. ते श्रेय त्याचं. पण त्या रूपांना प्रसंग लागत नाही, फ्रेझल व्हर्बला लागतो. एवढंच मी त्याला इतकी वर्षं सांगतेय.

रोज वीस म्हणजे तीन महिन्यांत तुमचे अठराशे झाले. त्यातले आज तुमच्यासोबत खरंच घडलेले तीन शोधा. काही पुढे ढकललंत? कुणाला नकार दिलात? कुणाची अचानक गाठ पडली? 'पुट ऑफ', 'टर्न डाउन', 'रन इन्टू'. या तिघांची वाक्यं आज रात्री लिहा आणि उद्या सकाळी वही न उघडता म्हणून बघा.