आप्पांच्या पश्चात बँड: आधी काकूंना विचारा

चोपडा तालुक्यातील एका वाचकाचे दीर्घ पत्र आले आहे. विशीत असल्यापासून ते एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. बँड काढणारे, चालवणारे आणि सगळ्यांचे आप्पा असलेले मास्तर माघात हृदयविकाराने गेले. बावीस जणांचा ताफा चालू राहावा असे वादकांना वाटते, तर पुण्यात नोकरी करणाऱ्या आप्पांच्या मुलाला गाडी आणि वाद्ये विकून मोकळे व्हायचे आहे. आप्पांच्या पत्नी, म्हणजे काकू, काहीच बोलत नाहीत. आप्पांनी इसार घेऊन ठेवलेल्या सुपाऱ्या तोंडावर आल्या आहेत आणि त्यांतली एक ऐन आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आहे. बँड चालवला तर आप्पांची जागा बळकावल्यासारखे होईल, बंद केला तर त्यांनी उभे केलेले मोडल्याचे पाप लागेल, मग करावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार. माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. बँड चालू राहावा. मात्र ज्या क्रमाने तुम्ही निघाला आहात तो क्रम मला मान्य नाही. तुमच्या पत्रात वादकांच्या म्हणण्याला दोन पाने आहेत, मुलाच्या हट्टाला एक पान आहे, गावातल्या कुजबुजीला अर्धे पान आहे आणि काकूंच्या वाट्याला ‘त्या काही बोलत नाहीत’ एवढे एकच वाक्य आले आहे. त्यांना कोणी विचारले आहे का? मारुतीच्या पारावर सगळे वादक जमले, बँड चालवायचा असे ठरले, वेळ पडली तर नाव बदलू असेही कोणीतरी बोलून गेले, हे सगळे तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे. पण त्या बैठकीची खबर काकूंना कोणी दिली, ते लिहिलेले नाही. ज्या बाईच्या ओसरीवर वर्षानुवर्षे ढोल-ताशे टांगलेले राहिले आणि पहाटे वरातीहून परतलेल्या पोरांसाठी जिने चहाचे आधण ठेवले, तिचे गप्प राहणे हा होकारही समजू नये आणि नकारही समजू नये.

म्हणून पहिले काम अगदी साधे आहे. आप्पांची सुपाऱ्यांची वही तुमच्याकडे आहे, ती आज ना उद्या काकूंच्या हातात नेऊन द्या. तारखा चुकू नयेत म्हणून तुम्ही ती उचललीत, यात माझ्या मते वाईट हेतू नाही, पण पुण्याहून आलेल्या मुलाला ती गोष्ट कशी दिसत असेल याचा विचार करा. त्या वहीत समोरच्या पानांवर तारीख, गाव, वरपित्याचे नाव, किती माणसे न्यायची, गाडी न्यायची की नाही आणि इसार किती मिळाला हे आहे. मागच्या पानांवर, तुमच्याच सांगण्याप्रमाणे, कोणत्या वादकाने पावसाळ्यात किती उचल घेतली ते आहे. म्हणजे घेणे आणि देणे दोन्ही त्या एकाच वहीत आहे. सुपाऱ्यांच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, ते तुम्हाला पुरेसे आहेत. मूळ वही घरात राहू द्या.

उचलीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुम्ही ती ओझरती सांगितली आहे आणि मला मात्र भांडणाचे मूळ तिथेच दिसते. चातुर्मासात लग्ने नसतात, केळीच्या काढणीला किंवा मिळेल त्या मजुरीला गेले तरी हातात पुरेसे पडत नाही, तेव्हा वादक मालकाकडून उचल घेतात आणि तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू झाली की वाजवून ती फेडतात. मालक हयात असताना ही देवघेव शब्दावर चालते. मालक गेल्यावर तीच उचल कुटुंबाचे येणे होते. मुलगा म्हणतो त्याप्रमाणे आज बँड मोडला तर हे येणे बुडीत निघाल्यात जमा आहे, कारण ज्याच्यापाशी सुपारीखेरीज दुसरे उत्पन्न नाही तो रोख कुठून आणणार? उलट निदान आषाढापर्यंत बँड वाजत राहिला, तर उचल फिटते, कुटुंबाचे पैसे वसूल होतात आणि कोणाला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. मुलाशी बोलताना आप्पांच्या आठवणी काढून त्याला हळवे करण्यापेक्षा हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. तो नोकरदार माणूस आहे, त्याला हिशेब पटेल.

इसाराचे तसेच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ३७ प्रमाणे शब्द देणारा वारला, तरी करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर तो शब्द त्याच्या वारसांवर बंधनकारक राहतो. मात्र काम त्याच माणसाच्या कौशल्यावर अवलंबून असेल, तर ते बंधन उरत नाही; चित्र काढून देण्याचे कबूल केलेला चित्रकार मुदतीआधी वारला, तर त्या कराराची अंमलबजावणी कोणालाच मागता येत नाही, असे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. आता तुमच्या सुपाऱ्या कोणत्या प्रकारात बसतात? बहुतेक घरांनी बँड ठरवला असेल, काहींनी मात्र आप्पांची क्लॅरोनेट ऐकून इसार दिला असेल. याचा निवाडा वकिलाकडे नेण्याची गरज नाही. प्रत्येक वरपित्याला फोन करा, आप्पा गेल्याचे सांगा, बँड तोच आहे पण क्लॅरोनेटला ते नसतील हे स्पष्ट सांगा आणि नको असेल तर इसार परत मिळेल असेही सांगा. तो परत कोणत्या पैशातून करायचा हे मात्र फोन करण्याआधी काकूंशी बोलून ठरवा, कारण इसार आप्पांनी घेतलेला आहे. लग्न तोंडावर आलेले घर सहसा बँड बदलत नाही. मांडवात गेल्यावर त्यांना कळण्यापेक्षा आधी कळलेले केव्हाही बरे.

यापुढचा भाग मालकीचा आहे. मृत्युपत्र नसेल तर आप्पांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर, म्हणजे गाडी, वाद्ये, स्पीकर, जनरेटर या सगळ्यावर, हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हयात असेल तर आई यांचा सारखा हक्क आहे. शहाद्याला दिलेल्या आप्पांच्या मुलीचा उल्लेख तुमच्या पत्रात तेराव्याला ती आली होती एवढाच आहे. तिचा भाऊ एकट्याने विकू म्हणतो आणि तुम्ही एकट्याने चालवू म्हणता, यात तिला कोणीच धरलेले नाही. (लग्न होऊन गेलेल्या मुलीला अशा वेळी सगळेच विसरतात आणि सहीपुरते बोलावतात, हे मी या स्तंभात इतक्यांदा वाचले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही, रागच येतो.) बैठक घ्याल तेव्हा तिला आधी निरोप पाठवा.

गाडीची घाई मात्र खरोखर करायला हवी. नोंदणी आप्पांच्या नावावर असेल, तर मालक वारल्याची खबर तीस दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि वारसाने तीन महिन्यांच्या आत गाडी नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. माघ केव्हाच संपला. मयताच्या नावावरची गाडी बावीस माणसे आणि जनरेटर घेऊन रात्री सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवर धावत असताना काही विपरीत घडले, तर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार मुलाने आणि तुम्ही मिळून करा. गाडी काकूंच्या नावावर होऊ द्या, विकायची की नाही ते नंतर ठरवता येईल.

या हंगामापुरती सोय अशी करता येईल. वाद्ये आणि गाडी कुटुंबाची, वादन तुमचे. प्रत्येक सुपारीमागे कुटुंबाला ठरावीक भाडे द्यायचे, उरलेल्यातून डिझेल आणि वादकांची हजेरी भागवायची, उचलीचा हप्ता ज्याच्या त्याच्या हजेरीतून कापून काकूंकडे जमा करायचा. नफ्यातला हिस्सा देऊ असे मात्र कबूल करू नका, कारण नफा किती झाला यावर जगात आजवर कोणाचे एकमत झालेले नाही. भाडे ठरले की प्रश्न मिटतो. हे सगळे स्टॅम्प पेपरवर लिहून काकू, मुलगा, मुलगी आणि तुम्ही सह्या करा. तुमच्या पत्रात ‘आपल्यात कागद कशाला’ असे एक वाक्य आहे. ‘आपल्यात’ होते ते आप्पांमुळे होते, हे ध्यानात घ्या.

आप्पांच्या मुलाने तुम्हाला ऐकवले की परदेशातले मोठे बँड माणूस गेल्यावर सन्मानाने थांबतात. त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. सप्टेंबर १९८० मध्ये ड्रमवादक गेल्यावर लेड झेपलिनने डिसेंबरात थांबत असल्याचे जाहीर केले; पण त्याच वर्षी फेब्रुवारीत गायक गेलेल्या एसी/डीसीने जुलैत नव्या गायकासह अल्बम आणला, आणि त्यांना कोणी कृतघ्न म्हटले नाही. शिवाय लेड झेपलिनच्या उरलेल्या तिघांना पावसाळ्यासाठी उचल घ्यावी लागत नव्हती. आपल्याकडची उदाहरणे तर याहून जवळची आहेत. केशवराव भोसल्यांनी १९०८ मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली आणि १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. गाण्याच्या बळावर उभ्या असलेल्या मंडळीचा मुख्य गायक नटच गेला होता. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालवली, नवी नाटके आणली, आणि त्यांच्या पश्चात त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तेच नाव पुन्हा उभे केले. किर्लोस्कर नाटक मंडळीही तिचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेल्यावर थांबली नव्हती.

नावाबद्दलही त्याच मंडळीकडून शिकता येते. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे तिथून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी गंधर्व नाटक मंडळी या वेगळ्या नावाने काम सुरू केले आणि ते नाव स्वतःच्या कामावर मोठे केले. तुमच्या बँडला आप्पांचे नाव आहे आणि त्या नावावर मिळणारी सुपारी ही आप्पांची कमाई आहे; ती वारसांकडे जाते. काकूंनी आणि मुलांनी लेखी परवानगी दिली तर अभिमानाने तेच नाव लावा. नाही दिली तर नवे नाव घ्या, आणि त्या नावात आप्पांचे आडनाव, गाव आणि ‘जुने’ किंवा ‘सुप्रसिद्ध’ असली जोडाजोड करून गिऱ्हाइकाला चकवा देऊ नका. चोपड्यापासून शिरपूरपर्यंत लोक तुमची ट्रम्पेट ओळखतात, असे तुम्हीच लिहिले आहे.

‘आप्पाची राख थंड झाली नाही अन् हे वाजवायला निघाले’ असे बोलणाऱ्यांना काही उत्तर देऊ नका. वर्ष पाळायचे ते घरच्यांनी, त्यांच्या रीतीप्रमाणे. वादकाने हातातले काम सोडावे असे कोणतेही सुतक सांगत नाही, आणि बोलणाऱ्यांपैकी कोणी तुमच्या घरी धान्य पोहोचवणार नाही. आखाजीचे मात्र मला तुमच्याइतकेच अवघड वाटते. त्या दिवशी सकाळी काकूंच्या घरी घागर भरली जाईल, घागरीवरच्या लोट्यावर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवले जातील, उंबरठ्यावर कुंकवाचे बोट उमटवत पूर्वजांची नावे घेतली जातील, आणि त्या नावांत आप्पा या वर्षी घ्यायचे की वर्ष झाल्यावर, हे काकूच ठरवतील. त्याच दुपारी तुम्ही सगळे वरातीपुढे वाजवत असाल. वरपित्याला आजच विचारा की ताफा दोन तास उशिरा पोहोचला तर चालेल का. कारण खरे सांगा. खान्देशात आखाजीला घागरीसाठी वेळ मागणाऱ्याला नाही म्हणणारे घर मला तरी ठाऊक नाही. मग बावीसच्या बावीस जण आधी काकूंकडे जा, पाया पडा आणि तिथूनच गाडी काढा.

आता तुमच्या स्वतःच्या मनाचे. आप्पा गेल्यापासून तुम्ही ट्रम्पेट पेटीबाहेर काढलेली नाही, हे पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखे लिहिले आहे. मला वाटते खरे पत्र तिथे सुरू होते. इतकी वर्षे आप्पांनी क्लॅरोनेटवर चाल उचलायची आणि मान हलवली की तुम्ही ट्रम्पेट लावायची. आता ती मान हलणार नाही, ही भीती सुपाऱ्यांच्या सगळ्या हिशेबांखाली दडलेली आहे. तिच्यावर मजजवळ औषध नाही, पण एक सुचवते. या हंगामात क्लॅरोनेटची जागा भरू नका. दुसरा क्लॅरोनेटवाला आणून त्याच्याकडून आप्पांच्या जागा हुबेहूब वाजवून घ्याल, तर पहिल्याच वरातीत त्याचेही हाल होतील आणि तुमचेही. चाल ट्रम्पेटवर घ्या, गाण्यांचा क्रम बदला, सुरुवातीचे गाणेही बदला. हुकमाला मास्तर लागतोच, तेव्हा मान तुम्ही हलवा. आणि पहिल्या सुपारीआधी निदान दोन तालमी घ्या, कारण पेटीत पडून राहिलेल्या ट्रम्पेटची पिस्टने अडकतात आणि न वाजवणाऱ्याचे ओठही हलके होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आप्पा काहीच लिहून ठेवत नसत, सगळ्या चाली कानावर होत्या, असेही तुम्ही म्हणता. पावसाळ्यात वेळ मिळेल तेव्हा चार जुने वादक बसवून, आठवतील तेवढ्या चाली मोबाईलवर भरून ठेवा. खान्देशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाच्या सुपाऱ्या श्रावणात येतील, त्या तुमच्या स्वतःच्या नावावर घेतलेल्या पहिल्या सुपाऱ्या असतील. तोवर मुलाने वाद्ये विकायचेच ठरवले, तर दुसऱ्या गावच्या एखाद्या मास्तराकडून त्यांची किंमत करून घ्या आणि हप्त्याने ती तुम्हीच विकत मागा. बाहेरच्या गिऱ्हाइकाआधी तुम्हाला विचारले जाईल, एवढी ओळ त्या स्टॅम्प पेपरात आताच घालून घ्या.

गाडीच्या दर्शनी भागावर आप्पांचा फोटो लावावा का, असे तुम्ही विचारले आहे. काकू हो म्हणाल्या तर लावा, आणि फोटो कोणता ते त्यांनाच निवडू द्या.

तुमची,
ताई